सतराव्या खेळीची मुळं तिसऱ्या खेळीत

बुद्धिबळाचा नोंदवलेला डाव वाचताना आपण पहिल्या खेळीपासून सुरुवात करतो. अभ्यास करायचा असेल तर मात्र शेवटच्या स्थितीपासून मागे यावं, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फीने पांढऱ्या मोहऱ्यांनी ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इझुआर या जोडीविरुद्ध जिंकलेला १७ खेळ्यांचा डाव घ्या.

मात होते तेव्हा मॉर्फीकडे राजा आणि प्याद्यांखेरीज फक्त एक हत्ती आणि एक उंट उरलाय. वजीर त्याने आदल्याच खेळीत दिला. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा सगळं आहे. पण एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती (अक्षर म्हणजे पटाचा ए ते एच स्तंभ, आकडा म्हणजे पांढऱ्याकडून मोजलेली ओळ) डावभर जागचे हललेलेच नाहीत.

का? उंटाची वाट सातव्या खेळीत काळ्याच्याच वजिराने ई७ वर येऊन अडवली. त्याला यावं लागलं, कारण पांढऱ्या वजिराने बी३ वरून बी७ आणि एफ७ या दोन्ही प्याद्यांवर एकदम नेम धरला होता. बी७ राखणारा उंट तिसऱ्याच खेळीत जी४ वर गेला आणि चौथ्या खेळीत एफ३ चा घोडा मारून स्वतः संपला. त्याला टिपताना पांढरा वजीर आपसूक बाहेर आला.

घोडा मारणं भाग का पडलं? मॉर्फीने ई५ चं प्यादं मारलं होतं. काळ्याने ते प्याद्याने परत मारलं असतं, तर वजिरांची मारामारी होऊन, जी४ च्या उंटाने वजिरासमोर जखडून ठेवलेला एफ३ चा घोडा मोकळा झाला असता. मग त्याने ई५ चं प्यादं फुकटात खाऊन जी४ चा उंट आणि एफ७ दोन्ही धरले असते.

ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, होती फिलिडोर बचाव. (अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू फिलिडोर स्वतः ऑपेरांचा संगीतकार!) बचाव वाईट नाही, तिसऱ्या खेळीत उंटाऐवजी घोडा एफ६ वर आणला किंवा डी४ चं प्यादं मारलं, तर तो आजही खेळण्याजोगा आहे.

अशा उलगड्याने डोक्यात काय साठतं, याचा अंदाज विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३ च्या प्रयोगातून येतो. पट ५ सेकंद दाखवला, मग मोहरी आठवून मांडायला सांगितली. खऱ्या डावातली स्थिती मास्टरने नवशिक्यापेक्षा खूपच चांगली मांडली. मोहरी वाटेल तशी विखुरल्यावर ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. मास्टर मोहरी सुटी बघत नाही, एकमेकांशी नातं असलेल्या गटांत बघतो. बी३ चा वजीर, सी४ चा उंट आणि एफ७ चं प्यादं हा त्यातलाच एक गट.

सातव्या खेळीनंतरची स्थिती पटावर मांडा आणि बी७ मारावं का, ते ठरवा. मॉर्फीने मारलं नाही. मारलं असतं, तर काळ्याने वजिराने बी४ वरून शह देऊन वजिरांची अदलाबदल केली असती, आणि प्यादं गमावूनही हल्ल्यातून सुटका करून घेतली असती. त्याऐवजी मॉर्फीने दुसरा घोडा सी३ वर आणला.