टाकीत उतरणारा दुसरा माणूस

आमच्या भांडुपच्या सोसायटीत दर उन्हाळ्यात टाक्या धुवायला माणसं येतात. गेल्या खेपेला दोघे भाऊ आले होते. धाकटा, जेमतेम विशीतला, तळटाकीचं झाकण सरकवून आत पाय सोडून बसला होता. मी थांब म्हटलं तर म्हणाला, "काका, पाण्याचीच टाकी आहे. कसलाच वास नाही." खरंच वास नव्हता, आणि मला भीती त्याचीच वाटत होती.

बाहेरच्या हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. महिनोन् महिने बंद राहिलेल्या टाकीत तो हळूहळू संपत जातो. लोखंड गंजतं ते हवेतला ऑक्सिजन घेऊनच. शेवाळाचा गाळ कुजतो, नव्या इमारतींच्या टाकीत राहून गेलेल्या शटरिंगच्या ओल्या फळ्या कुजतात, त्यांनाही ऑक्सिजन लागतो. उरलेल्या हवेला ना रंग, ना वास.

आपलं शरीर इथे फसतं. श्वास कोंडल्यावर जी तगमग होते ती ऑक्सिजन कमी झाल्याची नसते, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. टाकीतला माणूस तर नेहमीसारखा श्वास सोडत असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, म्हणून घुसमट जाणवतच नाही. ऑक्सिजन फारच कमी असला तर दर श्वासागणिक तो रक्तातून उलटा फुप्फुसात येऊन बाहेर निघून जातो. पाच-सहा टक्क्यांवर माणूस मिनिटभराच्या आत बेशुद्ध पडतो. हाक मारायचं सुचेपर्यंत पायातलं बळ गेलेलं असतं.

सेप्टिक टँकमध्ये याच्या जोडीला हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच वायू. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. गाळात विरघळून बसलेला असतो आणि फावडं घालून गाळ ढवळला की सोड्याच्या बाटलीसारखा फसफसून वर येतो. म्हणजे झाकण उघडताना हवा ठीक असली तरी काम सुरू झाल्यावर ती ठीक राहील असं नाही. दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास तो पोहोचला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारली जाते. "आता वास गेला" असं वाटतं तेव्हा धोका वाढलेला असू शकतो. पेशींना ऑक्सिजन वापरूच न देणारा हा वायू आहे. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही.

अशा अपघातांच्या बातम्यांत मेलेला माणूस बहुतेकदा एकटा नसतो. पहिला कोसळतो, दुसरा त्याला काढायला उडी घेतो, मग तिसरा. धावून जाणाऱ्याला मी दोष देणार नाही. डोळ्यांसमोर आपला माणूस पडलेला कोणाला बघवेल? म्हणून बाहेरच्या माणसाला आत उतरावंच लागणार नाही, अशी सोय आधी करून ठेवायला हवी.

१९४८च्या फॅक्टरी कायद्याच्या (२०२५मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम ३६ मध्ये ही सोय लिहून ठेवली होती: आतली हवा तपासल्याचा लेखी दाखला, नाहीतर श्वसनयंत्र आणि पट्ट्याला बांधलेला दोर, ज्याचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. गटारं आणि सेप्टिक टँकसाठी २०१३चा वेगळा कायदा आहे. सोसायटीची पाण्याची टाकी मात्र ना कारखाना, ना गटार. ती जबाबदारी आपणच, कमिटीनेच, घ्यायला हवी असं माझं ठाम मत आहे. डिझेल पंप टाकीत उतरवायचा नाही, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच कोंडतो. ब्लोअरची नळी पार तळापर्यंत सोडायची, तोंडाशी वारा घालून तळाची हवा हलत नाही. आणि हवेतले वायू मोजणारं गॅस मीटर दोरीने सोडून वर, मध्ये, तळाशी असं तिन्ही ठिकाणी मोजायचं.

त्या दिवशी आम्ही मीटर आणि ब्लोअर भाड्याने मागवले. तोंडाशी ऑक्सिजन २०.६ होता, तळाशी १६.८. तो साडेएकोणीस टक्क्यांपेक्षा कमी असेल तर टाकीत उतरू नये असं मानतात. तासाभराने तळाचा आकडा २०.९ झाला. मग ब्लोअर चालूच ठेवून धाकटा खांद्यांवरून पट्टे घेऊन उतरला. दोर वरच्या तिकाटण्याच्या कप्पीतून गेला होता, आणि त्याचं दुसरं टोक मोठ्या भावाच्या हातात होतं.