रेडिओ लावला की स्टेशनला कळतं का?

वर्षानुवर्षे फिरणारा समज असा: आपण रेडिओ लावला की स्टेशनच्या मीटरवर एक श्रोता वाढतो, बंद केला की घटतो.

तसं होत नाही. रेडिओ लहरी फक्त घेतो, उलट काही कळवत नाही. एफएमची सोय असलेल्या फोनला वायरचा इअरफोन लावा, एअरप्लेन मोड सुरू करा. नेटवर्क गेलं तरी अनेक फोनांत एफएम वाजत राहतो. जुन्या डायलच्या रेडिओतून क्षीण लहर निसटते खरी: ९३ मेगाहर्ट्‌झवर लावला तर साधारण १०३.७ वर, शेजारच्या दुसऱ्या रेडिओत ती सापडते. पण काही पावलांवरच विरते, ट्रान्समीटरपर्यंत पोचत नाही.

मग श्रोते वाढले-घटले हे कळतं कसं? निवडक घरांतल्या नोंदवह्या आणि मुलाखतींवरून. ४०० जणांत १० टक्के श्रोते निघाले, तर खरा आकडा ७ ते १३ टक्क्यांत कुठेही असू शकतो. म्हणून छोट्या स्टेशनचे श्रोते १० वरून ८ टक्क्यांवर आले, एवढ्यावरून घसरण ठरवणं चूक. सलग तीन-चार पाहण्यांत तोच कल हवा, प्रश्न आणि भागही तेच हवेत.

अॅपवर ऐकलं तर मात्र सर्व्हरवर नोंद होते.