अर्ध्यावर थांबवलेली शिकार

बॉर्डर कॉली या मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांच्या जातीतल्या पिल्लाला पहिल्यांदा मेंढ्या दिसतात तेव्हा ते मान खाली घालतं, शेपूट पाडतं, पुढचा एक पाय अधांतरी धरून टक लावून बघत राहतं. आपण म्हणतो, काय गुणी आहे! खरं तर ते शिकारीला निघालेलं असतं.

हेरायचं, नजर रोखायची, दबा धरून पुढे सरकायचं, पाठलाग करायचा, जबड्यात धरायचं आणि मारायचं, हा लांडग्याच्या शिकारीचा क्रम. मेंढपाळांनी पिढ्यानपिढ्या कुत्रे निवडताना या साखळीच्या आधीच्या कड्या घट्ट केल्या, शेवटच्या दोन बोथट केल्या. आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानला जाणारा 'ओल्ड हेम्प' १८९३ साली उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्दम्बरलँडमध्ये जन्मला. न भुंकता, न चावता तो नुसत्या नजरेच्या धाकाने मेंढ्या हलवायचा. पण बोथट म्हणजे नाहीशा नव्हेत. पिल्लू बेभान झालं की लोकर तोंडात येतेच. म्हणून शिकवणाऱ्याचं अर्धं काम आवरण्याचं असतं. हाकायची हौस कुत्रा जन्मतःच घेऊन येतो.

घाई मात्र नडते. मेंढीला वळसा घालून पुढे जाण्याइतका वेग पायात नसेल तर पिल्लू मागून नुसतं धावायला शिकतं, आणि एखाद्या मेंढीने उलटून ढुशी दिली तर कायमची धास्ती घेतं. त्यामुळे खरी सुरुवात साधारण आठ महिने ते वर्षाच्या वयात, छोट्या कुंपणात, कुत्र्याला सरावलेल्या चारसहा मेंढ्यांवर होते.

इथे एक गंमत दिसते. माणूस घड्याळातल्या सहाच्या जागी उभा राहिला, तर कुत्रा मेंढ्यांना वळसा घालून आपण होऊन बाराच्या जागी जातो. माणूस सरकला की तोही सरकतो, कारण मेंढ्या दोघांच्या मधोमध राहायला हव्यात, ही त्याची उपजत ओढ. इंग्रजी मेंढपाळ हिला 'बॅलन्स' म्हणतात. दिशा शिकवण्याची युक्ती यातच आहे. माणूस अशा बाजूला चालतो की कुत्र्याला घड्याळाच्या दिशेने फिरावंच लागतं, आणि नेमकं तेव्हाच तो 'कम बाय' म्हणतो. उलट फिरताना 'अवे'. कुत्रा शब्द ऐकून वळायला शिकत नाही. तो वळतच असतो, शब्द मागाहून चिकटतो.

'थांब' हा सर्वांत अवघड धडा. बिस्किटाचं आमिष इथे कुचकामी, कारण समोर मेंढ्या असताना त्यांच्याहून मोठं बक्षीस नाही. थांबणं म्हणजे ते बक्षीस हातचं जाणं, असं कुत्र्याला वाटतं. म्हणून तो बाराच्या जागी पोहोचून मेंढ्या ताब्यात असतानाच त्याला बसवतात आणि लगेच पुन्हा सोडतात. थांबलं तरच मेंढ्या मिळतात, हा हिशेब काही दिवसांत जुळतो. आरडाओरडा करणाऱ्यांना हे साधत नाही, असं माझं मत.

मेंढ्यांचंही गणित आहे. प्रत्येक मेंढीभोवती एक अदृश्य रेघ असते. कुत्रा ती ओलांडेपर्यंत ती चरत राहते, ओलांडली की हलते. तिच्या खांद्याच्या मागे कुत्रा आला तर ती पुढे जाते, खांद्यापुढे आला तर वळते. २०१२ साली संशोधकांनी मेंढ्यांच्या आणि कुत्र्याच्या पाठीवर जीपीएस बांधून पाहिलं. कुत्रा जवळ येताच प्रत्येक मेंढी कळपाच्या मध्याकडे धावत होती, कडेला राहायची कुणाचीच तयारी नव्हती. २०१४ च्या एका संगणकीय प्रारूपात कुत्र्याला दोनच नियम पुरले: कळप पांगला की गोळा कर, गोळा झाला की मागून रेट. कळपामागे कुत्रा नागमोडी का धावतो, तेही त्यातून उलगडलं.

शेवटी येतं मेंढ्यांना माणसापासून दूर नेणं. हे थेट बॅलन्सच्या विरुद्ध आहे. मेंढ्या दूर जाताना दिसल्या की कुत्रा सवयीने पुढे धावून त्यांना परत आणतो, पुन्हापुन्हा आणतो. मग माणूस आठवडेच्या आठवडे त्याच्या बाजूने चालतो, रोज जरासा मागे राहत. एके दिवशी मेंढ्या वीस पावलं पुढे जातात, कुत्रा मागे वळून बघतो, शिट्टी ऐकतो आणि पुन्हा मान खाली घालून चालू लागतो.