ब्लूजब्रेकर्स: माणसं येत गेली, जात गेली, मेयॉल राहिला

क्रीम, फ्लीटवुड मॅक आणि गिटारिस्ट मिक टेलर असतानाचे रोलिंग स्टोन्स, या तीन रॉक बँड्सचा माग काढत मागे गेलं की आपण एकाच माणसापाशी येऊन थांबतो, तो म्हणजे ब्लूजब्रेकर्स या बँडचा म्होरक्या, ब्रिटिश ब्लूज गायक जॉन मेयॉल. (ब्लूज म्हणजे काळ्या अमेरिकनांचं संगीत.) बहुतेक ठिकाणी त्याच्याबद्दल वाचायला मिळतं ते एवढंच की त्याच्या बँडमधून कोण कोण मोठा होऊन बाहेर पडला. पण जागा रिकामी झाली की तो नव्या पोराला जुन्याची कॉपी करायला लावायचा नाही हे फारसं कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळा इतिहास तिथेच आहे.

मेयॉल 1933 चा, इंग्लंडमधल्या मॅकल्सफील्डचा. कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यात होता, नंतर ग्राफिक डिझायनर म्हणून नोकरी आणि संध्याकाळी गाणं. लंडनचा ब्लूज वादक अलेक्सिस कॉर्नरने मागे लागून त्याला 1963 मध्ये लंडनला आणलं, म्हणजे तिशीला आलेला माणूस, आणि त्याच्या बँडमध्ये आलेली पोरं विशीतली नाहीतर त्याहून लहान.

एप्रिल 1965 मध्ये गिटारिस्ट एरिक क्लॅप्टन आला. त्याचा आधीचा बँड यार्डबर्ड्स पॉपकडे वळला म्हणून तो वैतागून बाहेर पडला होता. काही काळ तो मेयॉलच्याच घरी राहिला, आणि तिथे मेयॉलचा अमेरिकन ब्लूज रेकॉर्ड्सचा एवढा मोठा साठा की पोरगा दिवसभर तेच ऐकत बसायचा. मग मध्येच उठून मित्रांबरोबर ग्रीसला गेला, परत आला तेव्हा मेयॉलने घेतलाही! जुलै 1966 मध्ये दोघांचा अल्बम आला, कव्हरवर क्लॅप्टन 'बीनो' कॉमिक वाचतोय तोच. लेस पॉल गिटार, मार्शलचा अँप्लिफायर आणि आवाज इतका वाढवलेला की त्या काळच्या स्टुडिओला तशी सवयच नव्हती, पण क्लॅप्टन आवाज कमी करायला तयार नाही. रॉक गिटारचा जो जाड, तापलेला आवाज आज आपण गृहीत धरतो त्याची मोठी पायरी ही. अल्बम ब्रिटनमध्ये 6 नंबरपर्यंत गेला आणि तोपर्यंत क्लॅप्टन क्रीमकडे निघालेला होता.

त्याच्या जागी गिटारला पीटर ग्रीन. लोक क्लॅप्टनच्या नावाने ओरडत होते तरी मेयॉलने ह्याला त्याच्या पद्धतीने वाजवू दिलं, आणि फेब्रुवारी 1967 च्या 'अ हार्ड रोड'मध्ये ग्रीनची 'द सुपरनॅचरल' ऐका, एक एक सूर लांबवत नेलेला, क्लॅप्टनच्या आसपासही नाही. त्याच वर्षी ग्रीन गेला, ड्रमर मिक फ्लीटवुड आणि काही आठवड्यांनी बेसवाला जॉन मॅकव्ही पण त्याच्याकडे, फ्लीटवुड मॅक तिथून उभा राहिला.

मग मिक टेलर. एकदा क्लॅप्टन शोला आलाच नव्हता तेव्हा ह्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराने पुढे होऊन त्याच्या जागी वाजवलेलं होतं, ते मेयॉलच्या लक्षात राहिलं. मेयॉलकडे दोन वर्षं वाजवल्यावर, जून 1969 मध्ये, त्याला स्टोन्सने नेलं.

इथे दुसरा कोणी असता तर अजून एक धडाकेबाज गिटारिस्ट शोधत बसला असता. मेयॉलने ड्रम्सच काढून टाकले! अकूस्टिक गिटार, सॅक्सोफोन आणि बासरी, बेस आणि स्वतःचा हार्मोनिका घेऊन जुलै 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरात 'द टर्निंग पॉइंट' हा अल्बम लाइव्ह रेकॉर्ड केला, आणि अमेरिकेत त्याला विक्रीवर मिळणारा गोल्ड दर्जा मिळाला.

सत्तरच्या दशकात तो कॅलिफोर्नियात राहून वेगवेगळी माणसं घेऊन वाजवत होता. ब्लूजब्रेकर्स हे नाव 1982 मध्ये परत आलं, मग गिटारला कोको मोंटोया, वॉल्टर ट्राउट, पुढे बडी व्हिटिंग्टन, आणि 2008 मध्ये त्याने ते नाव थांबवलं, वाजवणं नाही.

22 जुलै 2024 ला वयाच्या 90 व्या वर्षी तो गेला. रॉकमधल्या थोरांना मान देणाऱ्या अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याचं नाव जाहीर केलं ते त्याच वर्षी, आणि समारंभ झाला तो त्याच्या मृत्यूनंतर. क्लॅप्टन तिथे 2000 पर्यंत तीनदा जाऊन आला होता, फ्लीटवुड मॅक 1998 मध्ये, स्टोन्स तर 1989 मध्येच. मेयॉलला एवढं थांबवायला नको होतं.