कोणती मज्जा?

अस्थिमज्जादानाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "मज्जा पाठीच्या कण्यातूनच काढणार ना? पाय लुळे पडले तर?" ही भीती अडाणीपणाची नाही, ती आपल्या शब्दांतच दडलेली आहे.

मटणाची नळी चोखणाऱ्याला मज्जा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. हाडाच्या पोकळीतला तो मऊ गर. आयुर्वेदाच्या सात धातूंत अस्थीनंतर येते ती मज्जा हीच. पण शाळेत आपण मज्जारज्जू, मज्जातंतू, मज्जासंस्था हेही शिकतो आणि तिथे या गराचा काही संबंध नसतो. तिथली मज्जा म्हणजे मेंदूचे हुकूम आणि अंगभरातल्या संवेदना वाहणारं जाळं.

हा घोळ एकट्या मराठीतला नाही. ग्रीक भाषेत 'मायलॉस' म्हणजे हाडातला गर. पाठीचा कणा हाडांचाच, त्याच्या पोकळीतही मऊसर दोरी, म्हणून तिलाही तेच नाव पडलं. त्यामुळे आजही 'मायलायटिस' म्हणजे मज्जारज्जूचा दाह आणि 'मायलोमा' म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग. उच्चार जवळचे, आजार पूर्ण वेगळे.

दोन्ही मज्जांचा स्वभावही उलटा आहे. अस्थिमज्जा हा रक्ताचा कारखाना. मोठ्या माणसात तो कमरेचं हाड, छातीचं हाड, बरगड्या, मणके इथे चालतो आणि रोज सुमारे 200 अब्ज तांबड्या पेशी घडवतो. मज्जारज्जू मात्र एकदा तुटला की पुन्हा नीट जुळत नाही. पाय लुळे पडण्याची भीती त्याच्याबाबतीत खरी आहे.

दात्याकडून घेतात ती पहिली मज्जा. भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूतून सुईने ती ओढतात आणि काही आठवड्यांत शरीर ती भरून काढतं. हल्ली बरेचदा तेही करावं लागत नाही. चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन मज्जेतल्या मूळ पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्तपेशी घडतात त्या, रक्तात उतरवतात, मग हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात फिरवून तेवढ्याच वेगळ्या काढतात.

मला वाटतं, दुसऱ्या अर्थासाठी आपण मेरुरज्जू, चेतातंतू, चेतासंस्था हेच शब्द वापरावेत. ते मराठीत आहेतच. दात्याशी बोलताना तर 'मज्जा' शब्दाबरोबर 'कमरेच्या हाडातली' एवढं जोडावंच, कारण सुई मेरुरज्जूच्या वाटेला जातच नाही.