पद्मिनीच्या पायात कोणता टायर?

डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या खाली उतरला की आमची १९७४ची प्रीमियर पद्मिनी सकाळी लंगडत निघते. धरमपेठेतून अमरावती रोडला लागलो तरी स्टेअरिंगमध्ये धप-धप-धप चालूच असतं. वाडीला ट्रकांची गर्दी दिसू लागेपर्यंत मात्र चाल आपोआप गुळगुळीत झालेली असते. शेजारी बसलेला हमखास म्हणतो, ‘भाऊ, बॅलन्सिंग गेलं तुमचं.’ बॅलन्सिंग ठीक आहे. हे काम टायरमधल्या नायलॉनचं आहे.

दुकानात ज्याला ‘नायलॉन टायर’ म्हणतात, तो जुन्या बांधणीचा. रबराच्या आत दोऱ्यांचे थर असतात. एका थरातले दोरे उजवीकडे तिरपे, त्यावरच्या थरातले डावीकडे तिरपे. बाजेची सुतळी डोळ्यांसमोर आणा, फक्त इथे वीण नसते, थर एकावर एक चिकटवलेले असतात. हे नायलॉन साधारण ५० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. गाडी धावते, टायर तापतो, आपण ती घरी आणून उभी करतो. जमिनीला टेकलेला भाग वजनाने चपटा झालेला असतो आणि तसाच थंड होतो. नायलॉन तो चपटेपणा धरून ठेवतं. सकाळी चाक फिरलं की दर फेऱ्याला तो सपाट भाग आपटतो, आणि टायर पुन्हा तापला की आकार सुटतो. जुन्या गाडीत हा दोष नाही, त्या काळच्या टायरचा स्वभाव आहे.

रेडियल टायरची गोष्ट वेगळी. मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १९४९ मध्ये तो बाजारात आणला. त्यात दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि नक्षीच्या खाली वेगळा ताठ पट्टा असतो. त्यामुळे टायरची बाजू लवचीकपणे दबते, पण जमिनीवर टेकणारा भाग सपाट राहतो. नायलॉन टायरमध्ये बाजू दबली की तिरपे थर कात्रीसारखे एकमेकांवर सरकतात, नक्षीही वळवळते आणि उष्णता जास्त तयार होते.

मग सरळ रेडियलच का घालू नये? माझं उत्तर असं, की टायर हा गाडीच्या सस्पेन्शनचाच एक भाग आहे. स्टेअरिंग वळवल्यावर गाडी चाकाचं तोंड असतं त्याच दिशेला तंतोतंत जात नाही. टेकलेलं रबर पिळवटतं आणि चाकाचं तोंड व प्रत्यक्ष वाट यांत थोडा कोन पडतो. वळणावर गाडीला धरून ठेवणारी ताकद या कोनातूनच येते. नायलॉन टायरला तो कोन मोठा लागतो आणि त्याची पकड हळूहळू, सांगून-सवरून सुटते. रेडियल लहान कोनातच घट्ट धरतो, पण त्याच्या हद्दीपलीकडे गेलं की तुलनेने अचानक सोडतो. पद्मिनीचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे), स्प्रिंगा, स्टेअरिंग बॉक्स हे सगळं पहिल्या स्वभावाला धरून बसवलेलं. रेडियलच्या ताठ पट्ट्याचे बारीक धक्के पचवण्यासाठी पुढच्या काळातल्या गाड्यांचे बुश मुद्दाम मऊ करावे लागले. शिवाय पॉवर स्टेअरिंग नसताना सीताबर्डीत गाडी पार्क करायची तर रेडियलवर खांदे भरून येतात.

याची दुसरी बाजूही खरी आहे. आपल्या सिमेंट रस्त्यांच्या लांब सांध्यांवर नायलॉन टायर सांध्याच्या मागे जाऊ पाहतो, स्टेअरिंग सतत सावरावं लागतं. शिवमडक्याहून समृद्धीला लागून लांब पल्ला मारायचा असेल, तर मी स्वतः योग्य मापाचा रेडियल निवडेन. पण मग चारही चाकं आणि स्टेपनीसुद्धा. पुढच्या किंवा मागच्या एका आडव्या जोडीत दोन जाती कधीच नकोत. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन हा तर सर्वांत वाईट मेळ: वळणावर पुढचं चाक धरतं, मागचं आधी सुटतं आणि गाडी गिरकी घेते.

माप वाचताना फसगत होते. पद्मिनीचं मूळ माप ५.२०-१४, म्हणजे रुंदी ५.२० इंच (१३२ मिलिमीटर) आणि रिम १४ इंच. बाजूच्या उंचीचा आकडा लिहिलेलाच नाही, कारण त्या टायरच्या बाजूची उंची जवळपास रुंदीइतकीच असे. त्यामुळे पूर्ण व्यास सुमारे ६१ सेंटीमीटर भरतो. रिम जुळते म्हणून १५५/६५ आर १४ (रुंदी १५५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रेडियल, रिम १४ इंच) चढवला, तर व्यास ५६ सेंटीमीटरच्याही आत येतो. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ५५च्या आसपास असेल, इंजिन उगाच जास्त फिरेल आणि चाक चाकाच्या कमानीत हरवल्यासारखं दिसेल. १५५/८० आर १४ मात्र मूळ व्यासाच्या अगदी जवळ जातो. जुन्या रिमला ट्यूबलेस टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा नसतो, म्हणून ट्यूब हवीच, आणि रेडियलमध्ये रेडियलचीच.

पांढऱ्या पट्टीच्या टायरचा मोह मी समजू शकतो. सुरुवातीचे टायर फिकेच असत, काजळी मिसळल्यावर ते काळे झाले आणि झिजेला कितीतरी जास्त पुरू लागले. ती काजळी उन्हातली अतिनील किरणंही शोषते. पांढऱ्या रबराला तितकं कवच नाही, म्हणून आपल्या उन्हात गाडी सावलीत ठेवण्याची तयारी असेल तरच तो शौक करावा.

आणि आता ज्यात मी स्वतः पोळलो, ते वय. एका दुकानात मला अस्सल जुन्या नक्षीचा, कधीच न वापरलेला जोड मिळाला. रबर चकचकीत, नक्षी पूर्ण. नवतपातल्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांतल्या, एका दुपारी काटोल रोडवर त्यातल्या एकाची नक्षी खालच्या थरापासून सुटली. वेग कमी होता म्हणून निभावलं. न वापरलेलं रबरही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन त्याच्या साखळ्या कडक करतो, ओझोन पृष्ठभागावर बारीक भेगा पाडतो. रासायनिक क्रियांचा ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. ४५ अंशांचा मे महिना टिनाच्या शेडखाली काढलेल्या टायरवर काय बेतत असेल, ते त्यावरून समजा. टायर बनवताना घातलेलं संरक्षक मेण चाक फिरताना, रबर दबताना पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या गाडीला तोही आधार नाही.

म्हणून हल्ली मी दुकानात आधी टायरची बाजू वाचतो. तिथल्या लांबलचक कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख: २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले, तर तो टायर २०००च्या आधीचा, तो शोभेला ठेवावा. दहा वर्षं उलटलेला टायर नक्षी कितीही शाबूत असली तरी मी घेत नाही. नक्षी जुनी हवी, बांधणी जुनी हवी, रबर मात्र ताजं. अशा टायरसाठी सहा महिने थांबावं लागलं तरी थांबतो आणि तोवर गाडी घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या स्टँडवर, उचलून ठेवतो. तिच्याजवळ वेल्डिंग करू देत नाही, कारण त्या ठिणगीतूनही ओझोन तयार होतो.