मापन यंत्रणांचे प्रोग्रॅमिंग : चित्ररूप आणि अक्षररूप

उपकरणांकडून मोजमापे घेणे, ती साठवणे, पडद्यावर आलेख दाखवणे आणि त्यांवरून वस्तू पास की नापास हे ठरवणे, यासाठी लागणारा प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, सी किंवा पायथनसारख्या भाषेत ओळींनी. दुसरी, लॅबव्ह्यूसारख्या साधनात ठोकळे मांडून ते तारांनी जोडत. चाचणी-अभियंत्यांना १९८० च्या दशकापासून या दोहोंतून निवड करावी लागते आहे.

ह्यूलेट-पॅकार्डने उपकरणे संगणकाला जोडण्यासाठी काढलेली वाहिनी (बस) १९७५ मध्ये आयईईई ४८८ या नावाने मानक झाली. पुढे ती जीपीआयबी म्हणून रुळली. सुरुवातीला तिच्यावरचे प्रोग्रॅम बहुधा बेसिकमध्ये लिहिले जात. अमेरिकेतील ऑस्टिनच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने १९८६ मध्ये मॅकिंटॉशसाठी लॅबव्ह्यू आणले. त्याचे जनक जेफ कोडोस्की. याच कंपनीने सी आणि बेसिकवाल्यांसाठी लॅबविंडोजही काढले, म्हणजे हे दोन्ही पंथ एकाच घरात नांदत होते.

लॅबव्ह्यूच्या प्रोग्रॅमला दोन अंगे असतात. पुढच्या पॅनेलवर बटणे, काटे, आलेख. मागच्या आकृतीत प्रत्यक्ष तर्क. तारेच्या रंगावरून माहितीचा प्रकार कळतो : दशांश संख्येला नारिंगी, पूर्णांकाला निळा, खरे-खोटे असेल तर हिरवा, मजकुराला गुलाबी. ठोकळ्याला लागणारी सगळी माहिती पोचली की तो चालतो. आकृतीत तो वर आहे की खाली, याला महत्त्व नाही. म्हणून तारेने न जोडलेली दोन चक्रे (लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारे भाग) आपोआप समांतर चालतात. एक दर सेकंदाला तापमान वाचते, दुसरे बटण दाबले जाण्याची वाट पाहते, आणि त्यासाठी थ्रेडचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांचा, विचारही करावा लागत नाही. हेच काम सी मध्ये करताना नवशिक्याची दमछाक होते. उलट जिथे क्रम हवाच, उदाहरणार्थ आधी वीजपुरवठा चालू करा, मग व्होल्टेज मोजा, तिथे चित्रात तो मुद्दाम आणावा लागतो. अनुभवी माणूस त्रुटीची (एररची) माहिती नेणारी तार एका ठोकळ्यातून दुसऱ्यात ओवत नेतो. त्यामुळे क्रमही लागतो आणि बिघाड कुठे झाला तेही समजते. अक्षररूप भाषेत हा क्रम ओळींच्या मांडणीतच येतो.

पहिल्या दिवशी चित्ररूप पद्धत बहुतेकदा जिंकते. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचेच डेटा घेणारे कार्ड असेल, तर थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या तारजोडीचा) आलेख थोड्याच वेळात पडद्यावर हलू लागतो. खरी परीक्षा नंतर होते. आकृती वाढत गेली की तारांचा गुंता होतो, आणि तो सोडवायला अक्षररूप कोडइतकीच शिस्त लागते : उपप्रोग्रॅम, स्थितियंत्रे (एका ठरलेल्या अवस्थेतून दुसरीत जाणारी रचना), नीट नावे. चित्राला शिस्त लागत नाही, हा समज महागात पडतो. लांबलचक सूत्रे आणि मजकुराची कापाकापी तर तारांनी करणे म्हणजे शिक्षाच. दोन ओळींचे गणित अर्धा पडदा व्यापते. लॅबव्ह्यूच्या फाइली द्विमान (बायनरी) स्वरूपाच्या असल्याने गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात दोन आवृत्त्यांतला फरक ओळीओळीने दिसत नाही. त्यासाठी वेगळे साधन वापरावे लागते. चार जण एकाच प्रकल्पावर काम करत असतील, तर निवडीत ही गोष्ट वेगापेक्षा जड ठरावी.

पायथनचे पारडे गेल्या काही वर्षांत जड झाले, ते मुख्यतः फुकट उपलब्धता, नम्पायसारखी गणिती साधने आणि उपकरणांशी बोलणाऱ्या पायव्हिसा या साधनामुळे. बरीच आधुनिक उपकरणे १९९० मध्ये मांडलेल्या स्कपी या मजकुरी आज्ञासंचाला उत्तर देतात; मल्टिमीटरला एक छोटी आज्ञा पाठवून आकडा वाचायला कोणतीही भाषा पुरते. मात्र एफपीजीएवर (आतली जोडणी हवी तशी ठरवता येणाऱ्या चिपवर) मायक्रोसेकंदांत निर्णय घ्यायचा असेल आणि अशी चिप घडवण्याची हार्डवेअर-भाषा येणारा कोणी नसेल, तर लॅबव्ह्यूचा त्यासाठीचा भाग अजून उपयोगी पडतो.

प्रत्यक्षात मिश्रणही सर्रास चालते. २०१८ च्या आवृत्तीपासून लॅबव्ह्यूमधून पायथनची फंक्शने थेट बोलावता येतात, आणि सी मध्ये लिहिलेल्या डीएलएल (तयार फंक्शनांच्या) फाइली तर फार पूर्वीपासून. मोजमाप तारांत, विश्लेषण ओळींत, अशी वाटणी तेव्हा सोयीची होते. परवान्याचा खर्चही हिशेबात धरावा लागतो. २०२० मध्ये आलेली लॅबव्ह्यूची कम्युनिटी आवृत्ती मोफत असली, तरी ती व्यावसायिक वापरासाठी नाही. कारखान्यातील चाचणीमंच दहा-पंधरा वर्षे चालतात, म्हणून प्रोग्रॅम लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावर तो कोण दुरुस्त करणार, हे भाषा ठरवण्याआधी विचारलेले बरे.